लाल शाईची ओळ

४ फेब्रुवारी, रविवार

आले एकदाची. दोन बॅगा, एक वळकटी, प्रेशर कुकर आणि मी, असे पाच नग सुखरूप पोचलो.

खोली पहिल्या मजल्यावर आहे. जिना बाहेरून, म्हणजे येण्याजाण्याला कुणाचं तोंड बघायला नको. भिंतींना नुकताच रंग दिलाय, एका कोपऱ्यात रंगारी ब्रश विसरून गेलाय. खिडकीतून समोर टायरवाल्याचं दुकान दिसतं आणि त्याच्या बाजूला एक बाक. बाकावर दोन म्हातारे, घरमालकीण सांगतात की रोजच, सकाळपासून एकमेकांशी अक्षर न बोलता बसलेले असतात आणि अकराच्या सुमारास एकदमच उठून घरी जातात. भांडण आहे की मैत्री, दोन दिवसांत शोधून काढीन.

घरमालकीण काकू खाली राहतात. गुडघ्यांमुळे त्यांना वर येववत नाही, पण आवाज खणखणीत आहे, त्यामुळे काही अडत नाही. खालूनच सगळं विचारतात: जेवलीस का, नळ बंद केलास का, लग्न का नाही केलंस. तिन्हीला मी एकच उत्तर दिलं, हो काकू. त्यांना चाललं.

वही नवी आणली आहे. जुन्या गावाबद्दल हिच्यात काही लिहायचं नाही असं ठरवलंय. तो विषय तिथेच संपला. इथली हवा छान आहे, झोप चांगली लागेल असं वाटतंय.

५ फेब्रुवारी, सोमवार

दवाखान्याचा पहिला दिवस. त्वचेच्या डॉक्टर, सगळे त्यांना मॅडम म्हणतात. साठीच्या आहेत, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि समोरच्याचं बोलणं पूर्ण संपेपर्यंत त्या मध्ये तोंड घालत नाहीत. असं माणूस मी डॉक्टरांत पहिल्यांदाच पाहिलं.

इथे येणाऱ्यांत निम्मे तरी अंगावर पित्त उठलेले. लाल, फुगीर, कडेला गुलाबी चट्टे, डास चावल्यासारखे पण तळहाताएवढेसुद्धा. खाजवून खाजवून माणसं अगदी रडकुंडीला येतात. मॅडमची एक पद्धत मला फार आवडली. उठलेल्या चट्ट्याभोवती त्या साध्या बॉलपेनने गोल काढतात आणि शेजारी वेळ लिहितात. दुसऱ्या दिवशी गोल तिथेच असतो, पण चट्टा निघून भलतीकडे गेलेला असतो. चोवीस तासांच्या आत गोलातून पळाला तर ते साधं पित्त. तिथेच ठाण मांडून बसला, मागे काळपट डाग ठेवून गेला, तर प्रकरण वेगळं, मग तपासण्या. सकाळी सगळे रांगेत बाह्या वर करून रिकामे गोल दाखवतात. एका आजोबांच्या पोटावर तर अकरा होते, ते म्हणाले की मला आता नकाशा म्हणून भिंतीवर लावा.

माझं काम कार्डांचं. जुनी कार्डं ओल येऊन फुगलीत, ती नव्या जाड कार्डांवर उतरवायची. हे काम मी डोळे मिटून करते. मॅडमनी दोन पेनं दिली. निळं सगळ्यासाठी आणि लाल फक्त वरच्या एका ओळीसाठी: या रुग्णाला पुढील औषध देऊ नये. पुढे औषधाचं नाव.

लाल पेन अजून वेष्टनात होतं. मी ते तसंच खणात टाकलं. ती ओळ निळ्यानेच लिहून खाली दोन रेघा मारते. मॅडमनी पाहिलं आणि पुढचं कार्ड सरकवलं. माझं अक्षर चांगलं आहे. चांगल्या अक्षराला लोक बरंच काही माफ करतात.

८ फेब्रुवारी, गुरुवार

गंमतच झाली. पित्ताच्या दवाखान्यात बसून मलाच पित्त उठलं.

कार्डं उतरवता उतरवता डाव्या घोट्याला खाज सुटली. मोजा खाली करून बघते तर छान गोल चट्टा, रुपयाएवढा. भिंतीवरचं घड्याळ बघितलं: अकरा वीस. निळ्या पेनने गोल काढला, वेळ टाकली, म्हटलं बघू हे आपल्यावरही चालतं का. कंपाउंडरकाका म्हणाले की आता तुम्ही खऱ्या अर्थाने कामावर रुजू झालात.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

चालतं. घोट्यावरचा गोल रिकामा. नवा चट्टा पोटरीवर, पुन्हा अकरा वीसला.

संशयितांची यादी केली. नवा अंगाचा साबण. काकूंचा धुण्याचा सोडा. भिंतींचा ताजा रंग. वळकटीतले ढेकूण, असतील तर. साबण बदलला. मोजे घालणं सोडलं. गरम पाण्याने अंघोळ केली की खाज दुप्पट होते हे आज स्वतःच्या कातडीवर कळलं, इतकी वर्षं मी ते नुसतं लोकांना सांगत होते.

१२ फेब्रुवारी, सोमवार

आज मॅडमनी नीट तपासलं. चट्टे गुडघ्याच्या वर आलेत, पण एका वेळी एकच, आणि दर दिवशी टीचभर वर. त्या म्हणाल्या की पित्त असं शिस्तीत सहसा चालत नाही, ते कुठेही उठतं. तरी घाबरण्यासारखं काही नाही. झोप न आणणारी गोळी रोज एक. गार पाण्यात पिळलेलं फडकं दहा मिनिटं. सैल सुती कपडे. खाजवायचं नाही, नखं कापून टाकायची. बऱ्याच जणांत कारण सापडतच नाही, म्हणाल्या, आणि शोधत बसलं की माणूस खंगतो. तरी रोज काय खाल्लं, काय अंगावर घातलं, कुठे आणि किती वाजता उठलं, ते एका वहीत लिहून ठेवायला सांगितलं. मी म्हटलं वही आहेच माझ्याकडे.

मग त्यांनी एक डबी दिली, तयार भरलेल्या इंजेक्शनची. ओठ, जीभ सुजली, आवाज बसला, घसा आवळल्यासारखा वाटला, तर हे मांडीत टोचायचं आणि तडक हॉस्पिटल गाठायचं. ते साधं पित्त नसतं. तिथे गोळी देऊन बाकावर बसवून ठेवायचं नसतं.

मी मान हलवली. हे मला माहीत आहे, असं म्हणणार होते, त्याऐवजी डबी पर्समध्ये टाकली. जाताना त्यांनी विचारलं की मनाला काही लागलंय का. मी म्हटलं नाही हो, उलट इथे येऊन सुटल्यासारखं वाटतंय.

१४ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी: पोळी, वांग्याची भाजी, चहा. कपडे: जुना सुती कुडता. चट्टा: डाव्या मांडीवर, अकरा वीस.

गोल काढायला पेन उचललं आणि बघितलं तर गोल आधीच काढलेला होता. लाल शाईने. शेजारी ११.२०. दोनची शेपटी खाली ओढलेली, माझी असते तशी.

खण उघडून पाहिला. लाल पेन वेष्टनात आहे, चिकटपट्टीसुद्धा निघालेली नाही. दुसरं लाल पेन माझ्याकडे नाही. गेलं वर्षभर मी घरात लाल पेन ठेवलेलं नाही.

मॅडमच्या टेबलावरचं घेतलं असेल आणि विसरले असेन. मी विसरते. विसरते हे तर सिद्धच झालेलं आहे.

१७ फेब्रुवारी, शनिवार

जुन्या गावात मी ज्यांच्याकडे कामाला होते त्या डॉक्टरांकडून पाकीट आलं. आत त्यांनी कुणाकडून तरी लिहून घेतलेली चार ओळींची चिठ्ठी: डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, वाचता येत नाही, कार्डं तूच सांभाळायचीस म्हणून सोबतचं पत्र तुला पाठवतो, योग्य ते उत्तर दे.

सोबतचं पत्र तिथल्या घड्याळजीचं.

आता लिहावंच लागेल. उद्या लिहीन, रविवार आहे. आज चट्टा कमरेवर. लाल गोल. मी काढलेला नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

घड्याळजीची बायको आमच्या जुन्या दवाखान्यात महिन्यातून एकदा तरी यायची, घसा धरून. लहानपणी एका औषधाने तिचं अंग सुजलं होतं, जीव वाचला तो नशिबाने. त्या औषधाचं नाव तिच्या कार्डावर लाल अक्षरात होतं. फार हसरी बाई. आली की माझ्या टेबलावर टिचकी मारून म्हणायची, "ताई, माझी लाल ओळ जागेवर आहे ना?" दर वेळी. मी म्हणायचे, पळून कुठे जाणार आहे.

मागच्या वर्षी तिचं कार्ड भरलं म्हणून मी नवं केलं. नाव, वय, पत्ता, मागच्या भेटी, सगळं निळ्याने सुरेख उतरवलं. लाल पेन उमटेना. म्हटलं नवं आणलं की लिहू, आणि वर जागा सोडली. निळ्याने लिहायला काय झालं होतं? काही नाही. पण मला कार्ड देखणं लागतं. लाल ते लालच. चार दिवस गेले आणि मी विसरले.

पाचव्या दिवशी ती तापाने फणफणून आली, नवरा बरोबर होता. टेबलावर टिचकी मारली. विचारलं. मी मान वर न करता म्हटलं, आहे हो.

डॉक्टरांनी नवं कार्ड बघितलं आणि इंजेक्शन दिलं. अकरा वीस. वेळ मीच टाकली. आधी पायांना खाज सुटली, मग पोटावर, हातांवर चट्टे. डॉक्टरांनी विचारलं सकाळी काय खाल्लं. नवरा म्हणाला अंडं, मीच करून दिलं. डॉक्टर म्हणाले मग पित्तच, गोळी देऊन तिला बाकावर बसवलं. मग तिची जीभ जड झाली. बोलता येईना, तेव्हा ती बोट दाखवायला लागली. डॉक्टरांना वाटलं पंखा लावा म्हणते. नवऱ्याला वाटलं पाणी मागते. ती माझ्या टेबलाकडे बोट दाखवत होती. कार्डाकडे. त्या खोलीत फक्त मला कळलं होतं.

आणि मी उठून तिच्यासाठी पाणी आणलं.

दुपारी ती गेली. सगळ्यांनी अंड्याला दोष दिला. जुनं कार्ड मी पर्समध्ये घालून घरी आणलं. अजून बॅगेच्या तळाशी आहे. तेव्हा बोलले असते तर वाचली असती का, हे मला माहीत नाही. मी बोलले नाही एवढं माहीत आहे.

पत्रात काय आहे ते आता लिहिते. त्यांची मुलगी सहा वर्षांची आहे. आईसारखाच तिचाही घसा धरतो. दोनदा तिच्या अंगावर पित्त उठलं, दुसऱ्यांदा डोळेसुद्धा सुजले. घड्याळजी घड्याळ उघडल्यासारखं नीट लिहितो: त्या दोन्ही दिवशी मुलीने काय खाल्लं, काय प्यायलं, कुठलं औषध घेतलं, किती वाजता. पहिल्या वेळी त्याने अंडं बंद केलं, दुसऱ्या वेळी दूध, मग दाणे, मग डाळी. आता ती भात आणि उकडलेला बटाटा खाते. वजन उतरलंय. लिहितो की माझ्या हातचं खाऊन तिची आई गेली, म्हणून मी आता हात आखडला आहे. २ मार्चला, शनिवारी, मुलीला घशाच्या ऑपरेशनसाठी दाखल करायचंय. डॉक्टर विचारतात, हिला काय चालत नाही? तर बायकोला नक्की कशाने झालं होतं, कार्डावर काही लिहिलेलं असलं तर कृपा करून कळवा. दुकानाचा फोन नंबर दिलाय.

त्याच्या यादीत ते औषध दोनदा आहे. दोन्ही दिवशी, पित्ताच्या अर्धा तास आधी. त्याने त्याच्याखाली रेघ मारलेली नाही. रेघ अंड्याखाली आहे. दुधाखाली आहे.

म्हणजे मला फक्त एक शब्द कळवायचा आहे. नाव मी इथेही लिहीत नाही. हात होत नाही. नंतर लिहीन.

२० फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमना आडून विचारलं, आईचं औषधाचं वावडं मुलीत येतं का. म्हणाल्या, तसं येतंच असं नाही, पण मुलीला स्वतःला त्याच औषधाने दोनदा उठलं असेल तर येतं की नाही हा प्रश्नच उरत नाही. तिसऱ्यांदा जीवावर बेतू शकतं. कुणाची मुलगी? मी म्हटलं शेजारची.

मग माझी पाठ बघितली. आज चट्टा दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, जिथे माझा हात पोचत नाही. मॅडम कौतुकाने म्हणाल्या, गोल अगदी सुबक काढलाय, वेळसुद्धा लिहिली आहे, कोण करून देतं? मी म्हटलं काकू.

काकूंना वर येववत नाही.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

रजा घेतली. सकाळी नऊला पत्र लिहायला बसले. सगळं लिहिलं. लाल पेन, चार दिवस, ती टिचकी, ते बोट. लिहीत गेले तसा खांद्यावरचा चट्टा उतरत गेला. खरंच उतरला, पाठ, कंबर, मांडी, जणू कुणी ओलं फडकं फिरवत खाली नेत होतं. घोट्यापाशी येऊन थांबला. राहिलं होतं फक्त औषधाचं नाव.

आणि मला दिसलं की हे पत्र घेऊन तो कुठे जाईल. पोलिसांत. जुन्या डॉक्टरांकडे. मॅडमकडे. मी हातकड्यांत दिसले मला. ज्या हाताचं अक्षर चांगलं त्या हातात.

पत्र फाडलं. मग म्हटलं अर्धवट काही ठेवायचंच नाही. बॅगेच्या तळातलं जुनं कार्ड काढलं, त्याचं पत्र घेतलं, मोरीत दोन्ही जाळली. लाल शाई जळताना वेगळी दिसत नाही. फोन नंबर मात्र आधी वहीच्या पुठ्ठ्यावर उतरवून ठेवला. का ठेवला?

अकरा वीस झाले. अंगावर काही नाही.

२४ फेब्रुवारी, शनिवार

कालही नाही, आजही नाही. कातडी कशी लहान बाळासारखी. पोटभर जेवले. काकूंनी खालून ओरडून विचारलं की आज गाणं कसं काय सुचलं. दोन म्हाताऱ्यांचं कोडंही सुटलं, ते सख्खे भाऊ आहेत.

घड्याळजीला डॉक्टर सांगतीलच की. मोठं हॉस्पिटल आहे. ते काही अंड्यावर विश्वास ठेवणारे नाहीत. माझ्यावाचून जगाचं अडत नाही.

असं लिहिलं, आणि वाचून पाहिलं. मला माझी किळस आली. तरी जेवले, खोटं कशाला लिहू.

२६ फेब्रुवारी, सोमवार

आज गठ्ठ्यात तिचं कार्ड होतं.

जुनं नाही, ते जळलं. नवं. मी केलेलं. जुन्या गावचं कार्ड इथल्या गठ्ठ्यात, वांगाचे डाग आणि नखाची बुरशी यांच्या मध्ये. तिचं नाव, पत्ता, माझं देखणं निळं अक्षर. शेवटची नोंद ११.२०. वर एका ओळीची जागा कोरी.

कंपाउंडरकाकांना दाखवायला घेऊन गेले. ते म्हणाले बाई, हे तर कोरं कार्ड आहे, दमलात तुम्ही, पाणी प्या.

परत जागेवर आले. टेबलावर कुणीतरी टिचकी मारली. रांगेत त्या वेळी कुणी नव्हतं. मी मान वर केली नाही. त्या दिवशीही केली नव्हती.

नुसती ओळ भरायची होती. तेवढंच मागत होती ती. मी कार्ड गठ्ठ्याच्या खाली सारलं.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

मानेवर. हनुवटीखाली. गोल काढलेला, लाल, दोनदा गिरवलेला.

दुपारी काकूंकडून फोन लावला. त्याने उचलला. आवाज थकलेला, मागे सगळ्या घड्याळांची टिकटिक. मी म्हटलं — मी विचारलं, पट्टा बदलून मिळेल का. तो म्हणाला शनिवारी साडेअकराला मुलीला घेऊन हॉस्पिटलात जायचंय, त्याच्या आत या. मी बरं म्हटलं. ठेवला.

पट्टा बदलून मिळेल का. हे विचारलं मी त्याला.

२८ फेब्रुवारी, बुधवार

गोळीचा उपयोग नाही. मॅडमनी दुप्पट केली, तरी नाही. गार फडकं ठेवलं की तेवढ्यापुरतं. खाज आता कातडीवर नाही, आत आहे, जिथे नख पोचत नाही.

उद्या फोन करीन. नाव सांगेन आणि ठेवीन. माझं नाव नाही, नुसतं औषधाचं. तेवढं पुरे आहे.

१ मार्च, शुक्रवार

काल केला नाही. आज दोनदा काकूंच्या दारापर्यंत गेले — दोनदा परत —

आवाज बसलाय. मॅडम म्हणाल्या लगेच दाखल हो. मी म्हटलं उद्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या की डबी देताना मी काय सांगितलं होतं? मी म्हटलं उद्या सकाळी नक्की. एक काम राहिलंय —

खण उघडला होता. लाल पेन तिथे नव्हतं.

२ मार्च, शनिवार

सकाळी ओठ. आरशात माझा चेहरा माझा नाही. तिचा होता तसा, बाकावर.

इंजेक्शन टोचलं मांडीत. जरा मोकळं झालं. मग परत मिटायला —

खाली आले. फोन लावला. त्याने उचलला. हॅलो. कोण? मी तोंड उघडलं आणि नुसती हवा. तो थांबला, कोण बोलतंय, बराच वेळ थांबला — मागे मुलगी म्हणाली, बाबा, घड्याळ बघा ना, चला — आणि ठेवला.

काकूंना फोनकडे बोट दाखवलं. पुन्हा पुन्हा दाखवलं.

काकूंनी पाणी आणलं.

आता त्या टायरवाल्याला गाडी काढायला सांगायला गेल्यात. गुडघे दुखतात, हळू चालतात. बाक रिकामा आहे, म्हणजे अकरा वाजून गेले. त्या आल्या की ही वही त्यांच्या हातात —

काकू, पुठ्ठ्यावर नंबर आहे. घड्याळजीला फोनवर बोलवा. साडेअकराच्या आत. खाली लिहिलंय तेवढं वाचून दाखवा. तो कोण म्हणाला तर —

त्याला सांगा अंडं नव्हतं. दूध नव्हतं. तुमच्या हाताचा काही दोष नव्हता. मुलीला पोटभर खाऊ द्या. दोष माझा. मी कार्डावर — ती दर वेळी विचारायची आणि मी मान वर न करता — मला माफ करा असं म्हणायचा मला हक्क नाही पण —

हे नंतर. आधी नाव. नाव आधी लिहायला हवं होतं. पुन्हा मी तेच —

निळं उमटत नाही. झटकलं. नाही.

फोनशेजारी लाल पेन आहे. वेष्टन काढलेलं. मी आणलेलं नाही.

सुरेख उमटतंय.

अकरा एकोणीस.

या रुग्णाला पुढील औषध देऊ नये —